आवराआवर करताना झालेली चूक : पायथनमधलं 'फायनली'



आज पायथनमधल्या 'फायनली' या एकाच शब्दाबद्दल लिहायचं आहे. विषय बारावीच्या संगणकशास्त्राचा आहे. पण ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्या पालकांनीही वाचावं, कारण याची सुरुवातच एका पालकांच्या फोनने झाली.

घटक चाचणीचे गुण मी संगणकावर भरते आणि माझाच एक छोटासा पायथन प्रोग्रॅम त्यांची यादी तयार करतो. त्या दिवशीची यादी संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर टाकली. सकाळी सातला एका वडिलांचा फोन. "मॅडम, यादीत मुलीचं नाव नाही. ती म्हणते पेपर दिलाय. मी काल रात्री तिला खूप बोललो. खरं काय ते तुम्हीच सांगा." तिने पेपर दिला होता. 25 पैकी 21 गुण होते. यादी उघडून पाहिली, तर वर्गात मुलं 46 आणि यादीत नावं 28! आणि प्रोग्रॅमने एका शब्दाचीही तक्रार केली नव्हती.

29 क्रमांकाचा मुलगा चाचणीला गैरहजर होता. त्याच्या गुणांच्या रकान्यात मी आकड्याऐवजी 'गैह' लिहिलं होतं. प्रोग्रॅम त्याचा आकडा करायला गेला, ते जमेना, म्हणून पायथनने 'व्हॅल्यू एरर' दिली. इथपर्यंत संगणकाचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते मी शेवटी लिहिलेल्या दोन ओळींत.

फायनली म्हणजे काय, ते आधी प्रयोगशाळेतल्या उदाहरणाने सांगते. प्रयोग नीट होवो की बिघडो, जाताना स्पिरिटचा दिवा विझवायचाच, असा आपला नियम असतो. पायथनमध्ये 'ट्राय' खाली प्रयोग लिहायचा आणि 'फायनली' खाली दिवा विझवणं, म्हणजे उघडलेली फाइल बंद करणं वगैरे. वर काहीही घडलं तरी फायनलीतल्या ओळी चालतातच. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण एरर हाताळण्याचं आहे, त्यात हे येतं. मुलांना पटकन कळतं. पण आवराआवर करतानाच चूक झाली तर? हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारला नव्हता.

समजा, मुलाच्या हातून चंचुपात्र फुटलं. तो नियमाप्रमाणे दिवा विझवायला गेला, तर दिव्याचं झाकणच सापडेना. धावत आपल्याकडे येऊन तो काय सांगेल? "मॅडम, झाकण नाहीये!" आपण झाकण शोधायला लागतो. फुटलेल्या पात्रातलं आम्ल टेबलावरून खाली ठिबकतंय, ते कुणी बोलतच नाही.

हे प्रात्यक्षिकात अगदी असंच घडतं. एका मुलाने फाइल उघडण्याची ओळ ट्रायच्या आत लिहिली आणि फायनलीत 'एफ' ही फाइल बंद केली. फाइलच्या नावात स्पेलिंग चुकलं होतं, म्हणून ती उघडलीच नाही. 'एफ' जन्मालाच आला नाही, तर बंद काय करणार? पायथनने शेवटी सांगितलं की 'एफ' नावाचं काही नाही. पोरगं अख्खा तास त्या 'एफ'च्या मागे! खरी चूक पडद्यावर वरच्या बाजूला लिहिलेली होती. दोन्हींच्या मधे एक इंग्रजी वाक्यही होतं, 'ड्यूरिंग हँडलिंग ऑफ द अबव्ह एक्सेप्शन, अनदर एक्सेप्शन ऑकर्ड', म्हणजे वरची चूक निस्तरत असतानाच ही दुसरी झाली. पण आपणच मुलांना शिकवलेलं असतं ना, की शेवटची ओळ वाचा. एरवी ते बरोबर आहे. हे वाक्य दिसलं की मात्र त्याच्या वर जायचं. (जुन्या पायथन 2 मध्ये तर ही सोयही नव्हती, पहिली चूक पुसलीच जायची. 2008 च्या पायथन 3 पासून दोन्ही दिसतात.)

माझ्या गुणयादीत तर एकही चूक दिसली नाही, कारण मी फायनलीत फाइल बंद करून तिथेच 'रिटर्न' लिहिलं होतं. फायनलीतलं रिटर्न वरून येणारी एरर गिळून टाकतं. कुठे सांगत नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. 28 नावांची अर्धवट यादी प्रोग्रॅमने शहाण्यासारखी माझ्या हातात ठेवली. ते रिटर्न मी तिथे का लिहिलं? आधी कधीतरी लाल अक्षरं येत होती, ती त्याने गेली, म्हणून. मला बरं वाटलं होतं तेव्हा. 2025 मध्ये आलेल्या पायथन 3.14 पासून असं रिटर्न दिसलं की इशारा मिळतो, पण शाळेतल्या संगणकांवर जुन्याच आवृत्त्या असतात.

यावर उपाय काय? फाइलसाठी 'विथ' वापरायला शिकवा. फाइल उघडली नाही तर बंद करण्याचा प्रश्नच येत नाही, उघडली तर ती आपोआप बंद होते आणि एरर न गिळता वर जाते. दोन फाइली हाताने बंद करत असाल तर पहिली बंद करताना चूक झाली की दुसरी तशीच उघडी राहते, हेही दाखवा. 'विथ'मध्ये दोन्ही दिल्या तर तसं होत नाही.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. फाइल बंद करणं ही नुसती आवराआवर नसते. आपण लिहिलेला मजकूर पायथन काही काळ स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि उरलेला भाग बंद करताना डिस्कवर उतरवतो. पेनड्राइव्ह भरलेला असेल किंवा कुणी मधेच उपटला असेल, तर एरर नेमकी तेव्हा येऊ शकते. वाचायच्या फाइलीत अशी एरर सोडून दिली तरी बहुतेक वेळा चालतं. लिहायच्या फाइलीत ती सोडली, तर शेवटच्या काही मुलांचे गुण गेलेच म्हणून समजा.

जावाच्या साध्या फायनलीतही दुसरी चूक पहिलीला झाकते. 2011 मध्ये जावा 7 आली, तेव्हा त्यासाठी वेगळी रचना दिली गेली. त्यात पहिली चूक मुख्य राहते आणि बंद करतानाची तिला जोडून येते. सी प्लस प्लस याहून कडक. एक चूक वर जात असतानाच डिस्ट्रक्टरमधून, म्हणजे तिथल्या आवराआवरीतून, दुसरी बाहेर पडली तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबवला जातो. मुलांना हे दुष्टपणाचं वाटतं. मला आता नाही वाटत.

पालकांनो, मूल "एररच येत नाही" म्हणालं तर एवढंच विचारा, "किती नावं घातली होतीस आणि किती बाहेर आली?" त्यासाठी पायथन यावं लागत नाही. मी माझ्या प्रोग्रॅममधून ते रिटर्न काढलं, 'गैह'साठी वेगळी अट घातली आणि शेवटी मोजणीची एक ओळ टाकली. 46 आत, 46 बाहेर. त्या मुलीच्या वडिलांना मी त्याच सकाळी परत फोन केला. "चूक माझ्या प्रोग्रॅमची होती, तिची नव्हती," असं सांगितलं आणि मग म्हटलं, "फोन तिला द्या." ती आधी गप्पच होती. मग तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या प्रोग्रॅममध्ये पण एरर येते?"

पुढच्या प्रात्यक्षिकात मी तोच प्रोग्रॅम, ते रिटर्न ठेवून, वर्गाला दिला. तिने दहा मिनिटांत शोधलं.