गच्चीवरचा पिंपळ

बोन्साय म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलेलं इवलंसं झाड, हो ना? मग आधी ते चित्र पुसून टाका. बोन्साय हे उघड्यावरचंच झाड आहे. फक्त त्याचं शेत दोन इंच खोल तबकाएवढं असतं, इतकंच.

थंड देशांत पांढऱ्या खोडाच्या सिल्व्हर बर्चचं बोन्साय करतात. तेही हिवाळ्यात बाहेरच राहतं, कारण थंडीत पानं गाळून झोप काढल्याशिवाय या झाडाला पुढं जोम धरत नाही. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे हिमालयातला भूर्ज. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना भोजबासा लागतं, ते नाव याच झाडावरून पडलं. भूर्जाच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. १८८१ साली पेशावरजवळ बख्शाली गावात गणिताचं एक जुनं हस्तलिखित सापडलं, तेही भूर्जपत्रावरचंच. त्यात शून्यासाठी चक्क टिंब वापरलंय, बरं का!

पण हा भूर्ज सोलापुरात आणायच्या फंदात कुणी पडू नये. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो. इथं बोन्साय करायचं तर वड, पिंपळ, उंबर अशी इथली मंडळीच बरी.

माझ्या गच्चीवर पिंपळ आहे. तो मी विकत आणलेला नाही. २०१६ च्या पावसाळ्यात शाळेच्या पाठीमागच्या भिंतीत तो उगवला होता. पक्षी पिंपळाची फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडतं आणि रुजतं. मुळं जाड झाली की भिंत फुटते, म्हणून तो काढणं भाग होतं. आमचे शिपाईमामा मात्र हात लावायला तयार नव्हते. "बाई, पिंपळ तोडत नसतात," म्हणाले. शेवटी मी आणि मामांनी मिळून छिन्नीने फट मोठी केली आणि मुळासकट रोप सोडवलं. त्याला तोडलं नाही म्हणून मामा खूश, भिंत वाचली म्हणून मुख्याध्यापक खूश!

आता थोडं मातीविषयी. सोलापूरची काळी माती ज्वारीला सोन्यासारखी, पण तबकात ती चालत नाही. भिजली की चिखल होतो, वाळली की भेगा पडून कोवळी मुळं तुटतात. म्हणून मी विटांचा चुरा, जाड वाळू आणि चाळलेलं शेणखत घेते. तबकाच्या भोकांवर डासांच्या जाळीचा तुकडा ठेवते, म्हणजे पाणी जातं, माती राहते. गच्चीची फरशी दुपारी तव्यासारखी तापते, म्हणून तबक विटांवर ठेवायचं. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारी वर हिरवी जाळी. फांदीला वळण द्यायला जुन्या वायरीतून सोललेली तांब्याची तार पुरते. पण ती सालीत रुतायच्या आत काढायची.

एकदा वर्ग गच्चीवर आला होता. चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, त्याला मोठं व्हायचं असंल तर?"

मला या प्रश्नाचं कोतुक वाटलं. त्याला सांगितलं, बोन्साय उपाशी ठेवून लहान करत नाहीत. त्याला खत-पाणी सगळं मिळतं. शेंडे छाटतात आणि दोन-तीन वर्षांनी मुळं कापतात, म्हणून ते आटोपशीर राहतं. जपानमधल्या यामाकी घराण्याचं एक पाइनचं बोन्साय १६२५ पासून जोपासलेलं आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ते तिथंच होतं, बागेच्या भिंतीआड. ते वाचलं. १९७६ साली ते अमेरिकेला भेट दिलं गेलं आणि ते हिरोशिमातून वाचलेलं आहे हे तिथल्या लोकांना कळलं २००१ साली, जेव्हा यामाकींचे नातू ते बघायला गेले! मुलाने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पण बाई, त्याला कुणी विचारलं का?" नाही विचारलं, बाळा. हे खरंच आहे.

त्या मे महिन्यात मी पंधरा दिवस माहेरी जाणार होते. तो मुलगा आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. त्याचे बाबा यंत्रमागावर काम करतात, आई विड्या वळते. पाणी घालायचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलं. मी तबक ओल्या वाळूच्या परातीत ठेवून गेले.

दहाव्या दिवशी त्याच्या आईच्या मोबाइलवरून फोन आला. पोरगं रडत होतं. "बाई, झाड मेलं. सगळी पानं पडली." त्या आठवड्यात आमच्या भागात पाच दिवस नळाला पाणी नव्हतं. घरातल्या हंड्यातून तो रोज एक तांब्या आणत होता, आईची बोलणी खाऊन.

मी म्हटलं, "रडू नको. नखाने खोडाची साल अगदी जराशी खरवड. आत काय रंग आहे?"

बराच वेळ काही आवाज नाही. मग हळूच, "हिरवा."

मग काळजी नव्हती. पाणी तुटलं की पिंपळ पानं टाकून देतो. पानांतूनच तर जास्त पाणी उडून जातं. पानं नाहीत म्हणजे तहानही कमी. त्याला मी माती जेमतेम ओली ठेवायला सांगितलं, त्याहून जास्त नाही. बारा-तेरा दिवसांनी तांबूस टोकं दिसली. आणि गंमत म्हणजे नवी पानं आधीपेक्षा लहान आली. मोठे कलाकार निरोगी झाडाची पानं यासाठीच मुद्दाम काढतात!

आता तो मुलगा सहावीत आहे. येत्या जूनमध्ये, पाऊस लागला की, पिंपळाचं तबक बदलायचं आणि मुळं छाटायची आहेत. मी म्हणते एक तृतीयांश छाटू, तो म्हणतो एक चतुर्थांश पुरे. कात्री त्याच्याच हातात देणार आहे.