देवाचे गंधसरू

सेमिनरीत असताना शलमोनाच्या मंदिराची मापे आम्ही तोंडपाठ केली होती: 60 हात लांब, 20 हात रुंद. सोरचा राजा हिराम याने त्यासाठी लबानोनवरून गंधसरू धाडले, हेही पाठ होते. मात्र ज्या डोंगरावरून ते आले, त्याचे पुढे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही.

लबानोनात पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा जातो. झाडे गेली की हिवाळी सरी चुनखडीच्या उतारावरची माती धुऊन नेतात आणि उन्हाळा कोवळी रोपे करपवतो. त्यातून वाचलेले अंकुर शेळ्यांच्या तोंडी जातात. दुसऱ्या शतकात रोमन सम्राट हाद्रियान याने खडकांवर अक्षरे कोरवून झाडे राखून ठेवली. तरी कुऱ्हाड थांबली नाही. पुढे 1876 साली बशर्रीजवळच्या राईभोवती शेळ्यांना अडवणारी दगडी भिंत उभी राहिली. ही राई ‘देवाचे गंधसरू’ म्हणून ओळखली जाते. 1998 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले.

मंदिर पवित्र होते, हेतूही पवित्र होता. परंतु पवित्र हेतूने उचललेली कुऱ्हाडही झाडच तोडते. धर्मग्रामातील बांधकामांना संमती देताना आम्हीही हेतूचीच चौकशी केली, झाडांची नाही. ही आमची कबुली आहे.

गंधसरूला पहिले शंकुफळ धरायलाच सुमारे 40 वर्षे लागतात. वाचकहो, भिंत बांधणाऱ्यांनी आतली रोपे वृक्ष झालेली पाहिली नसतील. तरीही त्यांनी दगडावर दगड रचला. श्रद्धा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?