कंसातले वाक्य

विमान चालवायला मी ह्यूस्टनला शिकलो. तिथली जमीन समुद्रसपाटीहून फारशी उंच नाही. सेस्ना १७२ या छोट्या विमानात थ्रॉटलशेजारी तांबड्या मुठीचा एक दांडा असतो. इंधन आणि हवा यांचे मिश्रण त्याने जुळवायचे. उड्डाणापूर्वी हा दांडा पूर्ण आत, म्हणजे मिश्रण ‘रिच’, हे तपासणी-यादीतले कलम मी शेकडो वेळा मोठ्याने म्हटले होते. त्यापुढे कंसात आणखी एक सूचना होती : तीन हजार फुटांच्या वर असाल तर इंजिनाचे फेरे जास्तीत जास्त होतील इतके इंधन कमी करावे. ह्यूस्टनला तिची गरज पडत नसे. मी ती म्हणत नसे. त्याआधी दोन वर्षे मी पुण्यात मराठी शिकवीत होतो आणि कंसातला मजकूर गाळणाऱ्या मुलांवर चिडत होतो, हेही सांगितले पाहिजे.

पुढे नोकरीनिमित्त डेन्व्हरला आलो. एका ऑगस्टमध्ये तिथल्या शिक्षिकेबरोबर लेडव्हिलला गेलो. उंची ९,९३४ फूट; उत्तर अमेरिकेतला हा सर्वांत उंचावरचा सार्वजनिक विमानतळ. निघताना आणि उतरताना मिश्रण शिक्षिकेनेच जुळवले. मी पाहिले, विचारले काहीच नाही. तिथे उतरल्याचे प्रमाणपत्र मिळते, ते घेतले, कॉफी प्यालो, आणि भर दुपारी परत निघालो. संध्याकाळी मुलीचा वाढदिवस होता.

इंजिन सुरू होईना. या इंजिनाला कार्ब्युरेटर नसतो. माथ्यावरून जाणाऱ्या बारीक नळ्यांतून इंधन थेट प्रत्येक सिलिंडरपाशी पोहोचते. गरम इंजिन बंद करून ठेवले की त्या नळ्यांतल्या इंधनाची वाफ होते. मी मात्र थंड इंजिनासारखा पंप चालवून इंधन भरत राहिलो आणि शेवटी ते बुडवले. शिक्षिकेने तांबडा दांडा पूर्ण बाहेर ओढायला लावला, थ्रॉटल उघडायला सांगितले. स्टार्टर बराच वेळ फिरला. इंजिनाने पेट घेताच दांडा हळूच आत आणि थ्रॉटल मागे.

धावपट्टीच्या तोंडाशी मी सवयीने म्हटले, “मिश्रण रिच,” आणि दांडा आत ढकलला. ब्रेक दाबून थ्रॉटल पूर्ण दिला. इंजिन धडधडू लागले, फेरे चढेनात. दोन्ही दांडे शेवटपर्यंत आत. आता माझ्यापाशी करण्याजोगे काही उरले नव्हते. तिने तांबडा दांडा बोटाबोटाने बाहेर ओढला. धडधड थांबली, फेरे वाढले. इंधन कमी केल्यावर जोर वाढला!

कारण साधे आहे. एक भार पेट्रोल जळायला सुमारे पंधरा भार हवा लागते, आणि तिथे हवाच विरळ होती. मोटारीत हे संगणक सांभाळतो. या इंजिनात इंजेक्शन असले तरी उंचीचा हिशेब वैमानिकाच्या हातालाच करावा लागतो.

मग तिने मला उड्डाणाच्या अंतराचे कोष्टक काढायला सांगितले. ते ८,००० फुटांवरच संपत होते. बाहेर वीस अंश तापमान होते. त्या उन्हात हवेची घनता जवळजवळ तेरा हजार फुटांवरच्याइतकी होती. मिश्रण अचूक जुळवले तरी १८० अश्वशक्तीतली दोन-तृतीयांशही मिळाली नसती. सभोवती चौदा हजारांवरची शिखरे. “निर्णय तुमचा,” ती म्हणाली.

मी इंजिन बंद केले आणि घरी फोन लावला. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “उद्या कापू केक.”

पहाटे गारठा होता. कंसातले वाक्य मी सावकाश, मोठ्याने वाचले. दांडा हलवत आवाज ऐकत राहिलो. विमानाने धावपट्टीचा बराच मोठा भाग घेतला, पण उचलले.

त्या सूचनेत अवघड असे काही नव्हते. जिथे तिची गरज नव्हती तिथे मी शिकलो, आणि गरज नसणे म्हणजे अर्थ नसणे असे समजून बसलो. पुण्यातल्या त्या मुलांवर मी चिडत असे. कंसात काय आहे हे त्यांच्याबरोबर बसून मात्र एकदाही वाचले नव्हते.