पाण्यासाठी आलेली माणसे

शेतकरी माणसाला देवाकडे काय मागावे हे शिकवावे लागत नाही. रोहिण्या सरल्या की मृगाचा पाऊस मागायचा. पेरणी उरकली की कोळपणीपुरती उघडीप मागायची. पीक डोलायला लागले की आणखी एक पाऊस, काढणीच्या वेळी कोरडे आभाळ, आणि माल मोंढ्यात गेला की भाव. बारा महिने आपली यादी तयार असते. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी ती विठोबापुढे वाचत असेल, कोणी खंडोबापुढे, कोणी नमाज पढून अल्लापुढे. आम्ही ख्रिस्ती माणसे रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून वाचतो. देव कोणत्याही नावाचा असो, यादीत फारसा फरक नसतो.

मी नवीन जालन्याचा. आमची साडेतीन एकर शेती गावापासून आठ किलोमीटरवर आहे. काही वर्षांपूर्वी सोयाबीन घेऊन मोंढ्यात गेलो होतो. लिलावाला वेळ होता म्हणून पोत्यांवर बसून गप्पा चालल्या होत्या. ओळखीतलाच एक शेतकरी म्हणाला, "राग नका धरू भाऊ, पण एक इचारतो. तुमचे लोक पाण्यापायी अन् भाकरीपायीच त्या धर्मात गेले ना?"

मला राग आला नाही. प्रश्न सरळ होता आणि त्यात बरेचसे खरेही होते. तेव्हा मी म्हणालो, "व्हय, पाण्यापायीच गेले." मग लिलाव पुकारला आणि बोलणे तिथेच राहिले. जे पुढे सांगायचे होते ते आज तुम्हाला सांगतो.

जालन्याजवळ बेथेल नावाची एक ख्रिस्ती वसाहत उभी राहिली, ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्यामुळे. हे जन्माने ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले. मुलगा अजून लहान, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठे वादळ झाले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. बाळशास्त्र्यांचे हे धाडस शाळेच्या पुस्तकात फारसे सांगत नाहीत, पण ते सांगण्याजोगे आहे.

आता नारायणरावांच्या बाजूने पाहा. ज्या वर्षी देव सापडला असे त्यांना वाटले, त्याच वर्षी पाठचा भाऊ हातचा गेला. भाऊ आपल्याजवळ राहावा म्हणून त्यांनी प्रार्थना केली असेलच. ती पुरी झाली नाही. देवाच्या कृपेवर बोलताना आम्ही लोक नेहमी मिळालेल्या गोष्टींची यादी देतो. मला मात्र नारायणरावांची ही न मिळालेली गोष्ट पहिल्यांदा आठवते.

पुढे १८६० नंतरच्या वर्षांत ते जालन्याला आले. तेव्हा हा मुलूख निजामाचा आणि इथे इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी. त्यांच्याकडे जी माणसे येऊ लागली ती बहुतेक मातंग आणि महार समाजातली, म्हणजे गावकुसाबाहेरची. धर्म बदलला की गावकीची कामे तुटत, बलुते बंद होई. अशा माणसाने खायचे काय आणि प्यायचे काय? नुसता उपदेश करून भागणार नव्हते. नारायणरावांनी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि १८७० च्या सुमारास बेथेल वसवले. विहिरी खणल्या, झाडे लावली, शाळा काढली, हातांना काम मिळेल अशी सोय केली आणि प्रार्थनामंदिर बांधले. १८७३ साली ते अमेरिकेत न्यूयॉर्कला ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या मोठ्या परिषदेला गेले होते. जालन्याच्या उन्हातला माणूस तिथे उभा राहून बोलला. १८९१ साली असाच लांबचा प्रवास करताना समुद्रावर त्यांचे निधन झाले.

माझ्या आजीने तिच्या आजेसासूची एक हकीकत सांगितली होती. ही बाई मूळ गावी असताना पाणवठ्यापासून दूर घागर ठेवून उभी राही. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतले जाई. कधी दुपार टळे, घागर रिकामीच. तान्हे मूल घरी. बेथेलला आल्यावर तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पोहरा सोडला. म्हणे, दोन्ही घागरी भरल्या तरी ती थांबेना. भरलेले पाणी झाडाच्या आळ्यात ओतायची आणि पुन्हा पोहरा सोडायची. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, इहीर कुठं पळून चालली का?" ती म्हणाली, "मला वढू द्या."

ही बाई ख्रिस्ताकडे आली ती पाण्यासाठी. पापपुण्याचा विचार करून नव्हे, शास्त्र वाचून नव्हे. वाचता कुठे येत होते! मग तिची श्रद्धा खोटी का? मोंढ्यातल्या त्या गृहस्थाच्या प्रश्नाच्या पोटात हा खरा प्रश्न होता, आणि तो आमच्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही बोचतो. काही जण त्यावर पांघरूण घालतात. आमचे पूर्वज मोठे ज्ञान होऊन आले, असे सांगतात.

मला तसे सांगायची गरज वाटत नाही. शुभवर्तमान उघडून पाहा. येशूकडे येणारी माणसे कशासाठी आली? आंधळा डोळ्यांसाठी आला. बारा वर्षे अंगावरून जाऊन खंगलेली बाई दुखण्यातून सुटण्यासाठी आली, तीही चोरून, गर्दीत मागून. एक बाप मरायला टेकलेल्या पोरीसाठी पाया पडला. भाकरी खाऊन तृप्त झालेली माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधत आली. भाकरीसाठीच आलात, हे त्याने त्यांना तोंडावर ऐकवले खरे. पण आदल्या दिवशी जेवायला वाढताना कोणाच्या मनात काय आहे ते विचारले नव्हते. माणसाची गरज हीच त्याची वाट असते. तहानलेला तहानेच्या वाटेनेच येणार. कृपा म्हणजे, त्या वाटेने आलेल्याला दारातून परत न लावणे.

पण याचीच दुसरी बाजू अवघड आहे, आणि ती टाळली तर हे लिहिणे लबाडीचे होईल.

२०१२ साली आपल्या भागात पावसाने दगा दिला. त्याच्या आदल्या सालीही पाऊस बेताचाच होता. जालना जिल्हा म्हणजे मोसंबीचा जिल्हा. त्या उन्हाळ्यात, म्हणजे २०१३ च्या, हजारो एकरांवरच्या बागा उभ्या वाळल्या. आमची दीडशे झाडे होती, अकरा वर्षांची, ऐन भरातली. विहीर माघातच तळाला गेली. बोअर घेतले, धुरळा निघाला. टँकर विकत घेऊन झाडामागे दोन-दोन घागरी पाणी घातले. बुडाशी उसाचे पाचट टाकले, फांद्या छाटल्या, फळ येऊ दिले नाही. आणि प्रार्थना केली. रोज केली. सौ. तर पहाटे उठून बागेतच करायची. शेजारच्या वारकरी बुवांनी आळंदीला पायी जाऊन साकडे घातले. गावातल्या मुसलमान बांधवांनी मैदानात पावसासाठी नमाज पढली. कोणाचेच ऐकले गेले नाही म्हणावे तर तसे म्हणा. वैशाखात आम्ही बाग तोडली. सरपणाच्या भावाने गेली.

त्या दिवसांत बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. ते म्हणाले, तुम्ही शेतकरी बहार धरायला मोसंबीचे पाणी तोडता, झाडाला ताण देता, तसा देव माणसाला ताण देतो, म्हणजे मग फूल येते. दृष्टान्त ऐकायला गोड आहे. पण ज्याने ताण दिला आहे त्याला ठाऊक असते की ताण किती दिवस द्यायचा आणि पाणी कधी सोडायचे. पाने पिवळी पडून गळायला लागली की शेतकरी रात्री उठून मोटार सुरू करतो. मेलेल्या झाडाला ताण दिला असे कोणी म्हणत नाही. माझे मत विचाराल तर, दुसऱ्याच्या वाळलेल्या बागेत उभे राहून हा दृष्टान्त देऊ नये.

मला त्या उन्हाळ्यात आधार वाटला तो जुन्या करारातल्या एका विधवेचा. एलिया संदेष्ट्याच्या काळी तीन वर्षांवर दुष्काळ पडला. सारफथ गावची ही बाई वेशीबाहेर काटक्या गोळा करत होती. मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल. ते भाजून लेकराबरोबर खायचे आणि मग मरायचे, असा तिचा हिशेब होता. एलियाने तिच्याकडेच भाकरी मागितली. तिने दिली आणि मग मडक्यातले पीठ सरले नाही. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. पण त्या साली सौ.ने एक गोष्ट दाखवून दिली. ती म्हणाली, "पीठ सरलं नाही म्हणतात, पण मडकं भरलं असं कुठं लिहिलंय? रोज झाकण काढून बघितलं की बुडाशी मूठभरच असणार. रोज धाकधूक." मी शास्त्र काढून पाहिले. बाईचे म्हणणे बरोबर होते. कणगी भरल्याचा उल्लेखच नाही. पाऊसही लगेच पडला नाही.

आमचेही घर त्या साली चालले ते असेच. कसे चालले याचा जमाखर्च मांडला तर जुळत नाही. थोरल्याला बियाण्याच्या कंपनीत हंगामी काम लागले. जालन्यात त्या कामाला तोटा नाही. वारकरी बुवांच्या विहिरीला थोडा पाझर होता. त्यांनी प्यायच्या पाण्याला आम्हाला कधी नाही म्हटले नाही. ज्या आजेसासूला पाणवठ्याला हात लावू देत नव्हते, तिच्या घरच्या सुना बुवांच्या विहिरीवर स्वतःच्या हाताने दोर सोडत होत्या. मागितला होता पाऊस आणि मिळाले हे. मिळाले ते मागितलेल्याची भरपाई नव्हती. बाग गेली ती गेलीच. पण त्याला काहीच नाही म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

नवस आणि कृपा यांत हाच फरक असावा. नवसात दोन्ही बाजूंचा माल ठरलेला असतो. तू पोरगा दे, मी बोकड देतो. आमच्या चर्चमध्येही भिंतीवर घड्याळे आहेत, पंखे आहेत. त्यांतले काही अशाच बोलीतून आलेले आहेत हे मला पक्के माहीत आहे. देव घड्याळ घेऊन काय करणार, असे मी एकदा कमिटीत विचारले होते. कोणालाच ते आवडले नाही.

मजुरीची एक गोष्ट येशूने सांगितली आहे, ती शेतकऱ्याच्या घरात वाचली की भांडण होते. एका मळेवाल्याने सकाळी मजूर लावले, रोज ठरवला. मग दुपारी काही लावले आणि दिवस मावळायच्या तासभर आधी नाक्यावर उभे असलेले शेवटचे काही लावले. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच पूर्ण रोज दिला. सकाळपासून राबलेले चिडले. आमची सौ.सुद्धा चिडते. म्हणते, "असं केलं तर उद्या सकाळी सातला कोण येईल कामाला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. शेती अशा हिशेबाने चालत नाही. पण दिवसभर नाक्यावर उभा राहून कोणी न नेलेला मजूर घरी गेला, तर त्याच्या पोरांची भूक पाचव्या हिश्शाची नसते, हेही तितकेच खरे.

कापसाची वेचणी आपल्याकडे किलोवर असते. आमच्याकडे एक म्हातारी वेचायला येई. हात थरथरायचे, बोंडातून कापूस नीट निघायचा नाही, संध्याकाळी गाठोडे लहान. वजन करायच्या आधी तिच्या शेजारची तरणी बाई आपल्या गाठोड्यातला दोन ओंजळी कापूस गुपचूप तिच्यात घाली. काट्यावर मीच उभा असे. मला दिसे. म्हातारीलाही कळत असणार, पण ती बोलायची नाही. मळेवाल्याची गोष्ट मला त्या वेळी जितकी कळली तितकी चर्चमध्ये कधी कळली नाही. ती तरणी बाई ख्रिस्ती नव्हती, हेही सांगून ठेवतो.

मग इच्छा धरूच नये का? संतांचा तो अधिकार असेल. आपल्यासारख्या संसारी माणसाला इच्छेशिवाय पेरणी करता येत नाही. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेलीच आहे. आणि धरला गेला त्याच रात्री, त्याच्या थोडे आधी, त्याने स्वतःही मागितले की हा प्याला टळावा. टळला नाही. मागणाऱ्यांच्या रांगेत तो आपल्या आधी उभा राहून गेला आहे, हे आठवले की मला मागायची लाज वाटत नाही आणि न मिळाल्याची शरमही वाटत नाही.

२०१३ च्या जूनमध्ये पाऊस चांगला झाला. तोडलेल्या बागेत आम्ही तूर आणि सोयाबीन घेतले. तेव्हापासून मोसंबी पुन्हा लावायची की नाही यावर घरात एकमत नाही. थोरला म्हणतो, शेततळे करून लावू. सौ. म्हणते, झाड नको, वर्षाचे पीक बरे, मेले तर एका सालाचेच मरते. रात्री दिवा मालवायच्या आधी घरातली प्रार्थना होते. दोघेही मोठ्याने करतात, दोघेही आपापली बाजू देवापुढे नीट मांडतात, आणि मी मध्ये बसून आमेन म्हणतो.