टॅक्सचा माणूस

एडिसन, न्यू जर्सी
6 ऑक्टोबर

चि. मनूस,


तुझी एलएलसी झाली, कमर्शियल किचन भाड्याने मिळालं आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या, हे ताईकडून कळलं. फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "मावशी, टॅक्सला कुणीतरी मराठी माणूस सांग ना, घराजवळचा." त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

मराठी मिळेल. गुजराती, तेलुगूही मिळतील. आपल्या ओक ट्री रोडवर टॅक्सच्या पाट्यांना तोटा नाही. पण ती पाटी लावायला इथे परीक्षा लागत नाही. आयआरएसकडून पीटीआयएन नावाचा क्रमांक घेतला की कुणीही पैसे घेऊन दुसऱ्याचं रिटर्न भरू शकतो. उद्या नोटीस आली, तर तुझ्या वतीने आयआरएसपुढे उभं राहण्याचा पूर्ण अधिकार मात्र वकील, सीपीए आणि एनरोल्ड एजंट यांनाच असतो. पुण्यातले आपले सीए कितीही हुशार असोत, तेवढ्यावर ते इथे सीपीए ठरत नाहीत. एनरोल्ड एजंटला मात्र कमी लेखू नकोस. त्याला परवाना थेट केंद्र सरकारचा असतो, तो करातच मुरलेला असतो, आणि तुझ्याएवढ्या धंद्याला पुष्कळदा पुरतो. सीपीएचा परवाना राज्याचा. सीपीएव्हेरिफाय या फुकट साइटवर नाव घालून तो चालू आहे का, ते बघ. मराठी मंडळात चौकशी त्यानंतर.

मंडळातली शिफारस मला पाठ आहे: "रिफंड मस्त आणून देतो." अगं, रिफंड म्हणजे आपलेच जास्तीचे कापले गेलेले पैसे, ते परत आणण्यात कसली मर्दुमकी? जो रिफंडच्या टक्केवारीवर फी मागतो, किंवा "मी सही करत नाही, तूच भरलंस असं दाखव" म्हणतो, त्याच्याकडून तशीच उठून ये. पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्याने त्यावर सही करून आपला पीटीआयएन घालायचा, असा कायदा आहे. आणि रिटर्नमध्ये खोटं निघालं, तर जाब तुलाच द्यावा लागतो.

माझी पारख साधी आहे. पहिल्या भेटीत तो सांगतो जास्त की विचारतो जास्त, एवढंच बघ. पुण्याच्या बँकेत खाती आहेत का, हे त्याने आपण होऊन विचारायला हवं. तुझ्या आईबाबांच्या खात्यावर तुझं नाव आहे, हे मला ठाऊक आहे. बाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा लागतो. पैसे बाबांचे आहेत हे कारण चालत नाही. पीपीएफचं व्याज तिकडे करमुक्त, पण इथे उत्पन्नात धरलं जातं. आणि तिकडचे म्युच्युअल फंड म्हणजे तर फॉर्म 8621 चं वेगळंच जंजाळ. अमेरिकन सीपीएंपैकी कितीतरी जणांच्या हाताखालून ते कधी गेलेलंच नसतं. तो मराठी असण्यापेक्षा त्याने हा फॉर्म भरलेला असणं तुझ्या जास्त उपयोगाचं.

दुसरं, आईला कौतुकाने भागीदार करून घ्यायचा तुझा बेत. धंदा वाढला की कुणीतरी सुचवेलच, "एस-कॉर्प कर, सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वाचेल." तो 15.3 टक्के आहे, तेव्हा मोह होणारच. पण एस-कॉर्पमध्ये अनिवासी परदेशी व्यक्तीला भागधारक होता येत नाही. तुझी आई पुण्यात राहते. म्हणजे आई तरी, नाहीतर एस-कॉर्प तरी. तुझा नफा किती आणि भागीदार कोण, हे न विचारताच जो एस-कॉर्प सुचवतो, त्याच्या हाती कागद देऊ नकोस.

चांगला माणूस आणखी एक बारीक गोष्ट सांगेल. धंद्याच्या नफ्यावरचा अंदाजे कर तुला दर तिमाहीला भरायचा आहे. पण तुम्ही दोघं एकत्र रिटर्न भरता, तेव्हा नवऱ्याने नोकरीच्या ठिकाणी डब्ल्यू-4 फॉर्म बदलून पगारातून थोडा जास्त कर कापून घेतला, तर तो वर्षभर सारखा भरल्यासारखा धरला जातो. हप्त्यांची आणि दंडाची कटकट बरीच कमी होते. असला सल्ला फीच्या कितीतरी पट किमतीचा.

घराजवळचाच हवा हा हट्ट सोड. कागद हल्ली पोर्टलवर चढवायचे असतात, बोलणं व्हिडिओवर होतं. राज्य मात्र ओळखीचं हवं. पाकीटबंद चिवडा आणि गरम वडापाव यांना न्यू जर्सीत विक्रीकराचा एकच नियम नाही. गरम पदार्थावर 6.625 टक्के लागतो. लाडू कशात धरायचे, हे त्यालाच विचार. उत्तर देण्याआधी तो थोडा थांबला आणि "बघून सांगतो" म्हणाला, तर मला तो आवडेल.

फीचं आधीच लेखी ठरव: रिटर्नची किती, पत्रव्यवहाराची किती, नोटीस आली तर किती. तुझं काम भारतातल्या ऑफिसात पाठवणार का, तेही विचार. पाठवायला माझी हरकत नाही, पण त्यासाठी आधी तुझी लेखी संमती घेणं त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि स्वस्तात व्हावं असं वाटत असेल, तर धंद्याचं बँक खातं वेगळं काढ आणि पावत्या महिन्याच्या महिन्याला लाव. सीपीएकडून पावत्या लावून घेणं म्हणजे सर्जनकडून इस्त्री करून घेणं.

15 ऑक्टोबरला मुदतवाढीची रिटर्नं संपतात, तोवर ही मंडळी कुणाशी नीट बोलत नाहीत. फेब्रुवारीनंतर पुष्कळ जण नवीन गिऱ्हाईक घेत नाहीत. तेव्हा 16 तारखेनंतर लगेच दोघा-तिघांना फोन कर, गेल्या वर्षीचं रिटर्न हाताशी ठेव, आणि दिवाळीच्या गडबडीत हे पुढे ढकलू नकोस.

तुझी,
मावशी