पट्टी, कात्री आणि अठ्ठेचाळीस लाख

‘पीआर म्हणजे नक्की काय करतेस गं तू?’

पनवेलला चुलतभावाच्या लग्नात आत्यानं भर पंगतीत विचारलं. मी म्हटलं, ‘कंपन्यांच्या बातम्या पेपरात येतील असं बघते.’

‘पैसे देऊन?’

‘नाही, पैसे न देता.’

‘मग कंपनी तुला पगार कशाचा देते?’

शेजारच्या काकू खुसखुसल्या. मी मुकाट्यानं मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावला. अशा वेळी मठ्ठा फार उपयोगी पडतो.

गंमत म्हणजे हाच प्रश्न गेल्या वर्षी महापेच्या एका थंडगार कॉन्फरन्स रूममध्ये मला पुन्हा विचारला गेला. फक्त विचारणारी आत्या नव्हती, क्लायंटच्या फायनान्सचे साहेब होते. आणि समोर मठ्ठा नव्हता!

पण आधी थोडं मागे जाऊ. २००७ साली मी बेलापूरच्या एका एजन्सीत ट्रेनी म्हणून लागले. स्वप्नं मोठी होती. सेलिब्रिटी, फाइव्ह स्टार हॉटेलातल्या प्रेस कॉन्फरन्स, गळ्यात आयकार्ड, हातात कॉफी... प्रत्यक्षात हातात आली कात्री. सकाळी सातला ऑफिसात पोहोचायचं, पेपरांचा गठ्ठा फोडायचा, क्लायंटचं नाव कुठं दिसतंय ते शोधायचं, कापायचं, चिकटवायचं. बोटं काळी. मग यायची पट्टी. बातमीची लांबी गुणिले रुंदी. समजा बातमी बारा बाय सोळा सेंटिमीटरची आहे, म्हणजे १९२ चौरस सेंटिमीटर. त्या पेपरचा जाहिरातीचा दर सेंटिमीटरला हजार रुपये धरला तर झाले १ लाख ९२ हजार. त्याला गुणा तीननं, कारण बातमीवर लोक जाहिरातीपेक्षा तिप्पट विश्वास ठेवतात म्हणे. हे कुणी मोजलं, कधी मोजलं, असलं विचारायचं नसतं. झाले ५ लाख ७६ हजार! एका बातमीचे!

या प्रकाराला धंद्यात एव्हीई म्हणतात. तेवढी जागा जाहिरात म्हणून विकत घेतली असती तर किती पैसे पडले असते, तो हिशेब. महिन्याच्या शेवटी स्पायरल बाइंडिंग केलेली जाडजूड फाइल क्लायंटकडे जायची आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत तो आकडा. क्लायंट खूश, बॉस खूश, मी पण खूश. पगार आठ हजार, पण महिन्याला पंचवीस लाखांची ‘कमाई’ करून देत होते ना!

आता महापे. क्लायंट म्हणजे टीटीसी पट्ट्यातलं एक मोठं कोल्ड स्टोरेज. फळं, मासे, आइस्क्रीम. अशा ठिकाणी थंडाव्यासाठी बहुतेक वेळा अमोनिया वापरतात. गॅस स्वस्त आणि कामाचा, पण वास असा की नाकातून थेट मेंदूत जातो. त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही की, धोका होण्याच्या कितीतरी आधी, अगदी थोडा गॅस असतानाच तो नाकाला कळतो. पण भिंतीपलीकडच्या वस्तीला हे कोण सांगणार? आम्ही यायच्या आधी एका संध्याकाळी असाच वास सुटला, अफवा पसरली, लोकांनी रस्ता अडवला, ट्रक अडकले, माल गेला. त्यानंतर कंपनीला पीआरची आठवण झाली. (आमच्या धंद्यात आठवण अशीच होते. डेंटिस्टची होते तशी.)

तर वर्षाचा रिव्ह्यू. मी रुबाबात स्लाइड लावली : ‘एकूण मूल्य रुपये ४८ लाख.’ फायनान्सच्या साहेबांनी चष्मा वर केला.

‘छान. हे अठ्ठेचाळीस लाख मी बॅलन्स शीटमध्ये कुठे दाखवू?’

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी मागची कात्रणं चाळली आणि एकावर बोट ठेवलं. मथळा होता, कोल्ड स्टोरेजमधून पुन्हा उग्र वास, रहिवासी संतप्त. सोबत फोटो.

‘हीसुद्धा धरली आहे का यात?’

धरली होती. आमच्या धाकटीनं, म्हणजे माझ्या ट्रेनीनं, नियमाप्रमाणे मापली होती. सहा लाखांच्या आसपास.

‘म्हणजे अजून आठ वेळा गॅस सुटला तर तुमचं काम दुप्पट चांगलं झालं म्हणायचं?’

काय उत्तर देणार? एसीच्या गारव्यातही कानशिलं तापली. साहेबांनी सहा आठवडे दिले. तेवढ्यात पटेल असं काही दाखवा, नाहीतर रिटेनर बंद. आणि रिटेनर बंद म्हणजे आमच्याकडे एक माणूस जास्त. तो माणूस कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. धाकटीचा प्रोबेशन संपायला बरोबर दोन महिने होते. कोपरखैरण्याला तीन मुलींसोबत भाड्यानं राहणारी, घरी पैसे पाठवणारी पोरगी. परतीच्या रिक्षात ती एवढंच म्हणाली, ‘मॅम, ती बातमी मी धरायला नको होती का?’

चूक तिची नव्हती, माझी होती. कारण मला माहीत होतं. जून २०१० मध्ये बार्सिलोनाला या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सात तत्त्वं मंजूर केली आणि त्यात स्वच्छ लिहिलं की एव्हीई म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. २०१५ आणि २०२० साली ती तत्त्वं सुधारली, पण एव्हीईला परत दार उघडलं नाही. मी हे वाचलं होतं, एका सेमिनारमध्ये टाळ्याही वाजवल्या होत्या. आणि सोमवारी ऑफिसात येऊन पुन्हा तीननं गुणलं होतं. क्लायंटला आकडा लागतो, बॉसला आकडा लागतो, आणि खरं सांगायचं तर अप्रायझलच्या फॉर्ममध्ये मलाही आकडा लागत होता.

त्या रात्री मला कॅडबरी आठवली. तुमच्यातले काही जण तेव्हा शाळेत असतील. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर, आणि मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याची बातमी. राज्याच्या एफडीएनं चौकशी लावली. मी वाशीला कॉलेजात होते, आमच्या कॅन्टीनवाल्यानं काउंटरवरचा चॉकलेटचा डबाच उचलून आत ठेवला होता. पुढचे काही आठवडे पेपर आणि चॅनेल्सवर दुसरा विषय नव्हता. आता पट्टी घेऊन मोजा! तेवढ्या जागेचे एव्हीईनं कित्येक कोटी झाले असते. प्रत्यक्षात ऐन सणात विक्री जवळपास तीस टक्क्यांनी घसरली आणि कंपनीनं जाहिराती काही काळ बंद ठेवल्या. मग त्यांनी ‘प्रोजेक्ट विश्वास’ काढला. दुकानदारांपर्यंत जाऊन माल कसा साठवायचा ते सांगितलं, जानेवारी २००४ मध्ये हवाबंद नवं वेष्टन आणलं आणि मग अमिताभ बच्चनना उभं केलं. क्रम बघा. आधी दुकानदार आणि वेष्टन, मग अमिताभ. लोक परत आले, पण ते कशामुळे? वेष्टनामुळे, अमिताभमुळे की दुकानदारामुळे? एकट्या पीआरनं श्रेय घेतलं तर वेष्टन बनवणारा इंजिनिअर हसेल.

आपली नवी मुंबईच घ्या ना. सिडको स्थापन झाली १९७० साली, खाडीवरचा पूल झाला १९७३ मध्ये. सिडकोनं जाहिराती काय कमी केल्या? पण आमचे बाबा सांगतात, वाशीला घर घेतलं म्हटल्यावर दादरचे नातेवाईक असे बघायचे जणू आम्ही अंदमानला निघालोय. १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला आली आणि तेच नातेवाईक ‘भाव काय चाललाय रे तिकडे?’ विचारू लागले. मग शहर वसवलं कुणी, जाहिरातीनं की लोकलनं? मला वाटतं, जाहिरातीनं नाव माहीत झालं आणि लोकलनं पाय निघाले. पण हे सिद्ध करून दाखवा म्हटलं तर माझीही बोलती बंद.

असो. सहा आठवडे होते.

पहिला आठवडा मी इंटरनेटवर तक्ते बघण्यात घालवला. देखणे तक्ते, रंगीबेरंगी बाण. त्यातून एकच गोष्ट कामाची निघाली : काय छापून आलं ते सोडा, त्यामुळे कोण वेगळं वागलं ते शोधा. आता वस्तीतलं कोण वेगळं वागलं हे कसं कळणार? काम सुरू करताना आम्ही लोकांना काहीच विचारलं नव्हतं. आधीचा आकडाच नाही, तर नंतरचा कशाशी ताडणार? (तुमचं काम एचआरचं असो, ट्रेनिंगचं असो, नवीन प्रोजेक्ट हातात आला की पहिल्या दिवशी ‘आज काय आहे’ ते लिहून ठेवा. फुकट असतं. मी नव्हतं ठेवलं.)

उत्तर सापडलं धाकटीला. गेटवरच्या सिक्युरिटीच्या केबिनमध्ये.

तिथं एक जाडं रजिस्टर होतं, पुठ्ठा निघालेलं, चहाचे डाग पडलेलं. आलेला प्रत्येक फोन, तारीख, वेळ, कोण बोललं, काय तक्रार. चार वर्षांचं! कुणी मागितलंच नव्हतं म्हणून कुणी दिलं नव्हतं. धाकटी अकरा दिवस त्या केबिनमध्ये बसून पान पान एक्सेलमध्ये उतरवत होती. बाहेर धो धो पाऊस, एपीएमसीकडून येणारे ट्रक आणि आत टेबल फॅनची घरघर.

चित्र असं निघालं. पहिल्या वर्षी वासाबद्दल गेटवर फोन जवळजवळ नाहीतच. तक्रारी होत्या, पण त्या फायर ब्रिगेडकडून, पोलिसांकडून नाहीतर पत्रकारांकडून उलट्या फिरून आलेल्या. मग आम्ही वस्तीत गेटचा फोन नंबर लिहिलेले बोर्ड लावले, शाळेत आणि अंगणवाडीत जाऊन सांगितलं की वास आला तर ओलं फडकं नाकाला धरा, वाऱ्याच्या दिशेनं पळू नका, आडवं निघा आणि आधी आम्हाला फोन करा. त्यानंतर गेटवरचे फोन वाढले. हो, वाढले! आणि बाहेरून फिरून येणारे कमी होत गेले. शेवटच्या वर्षात बहुतेक वेळा पहिला फोन गेटवरच होता, कधी कधी आतल्या माणसाला कळायच्या आधी. ‘संतप्त रहिवासी’वाल्या बातमीच्या दिवशीसुद्धा रस्ता अडला नव्हता, एक ट्रकही थांबला नव्हता.

रजिस्टर सांभाळणारे काका म्हणाले, ‘मॅडम, आधी लोक यायचे ते दगड घेऊनच. आता फोन करतात. शिव्या देतात, पण फोन करतात.’

हे वाक्य मी जसंच्या तसं स्लाइडवर टाकलं.

रजिस्टरनं आमची खोडही मोडली. वाशीच्या हॉटेलात मोठ्या थाटात घेतलेली प्रेस कॉन्फरन्स, भेटवस्तू, बुफे... तिच्या आधी आणि नंतर रजिस्टरमध्ये काडीचा फरक नव्हता. वर्षातला सगळ्यात मोठा खर्च तो. आणि सगळ्यात जास्त फरक दिसला तो अंगणवाडीतल्या दोन बैठकांनंतर, ज्यांचा एकूण खर्च म्हणजे चहा-बिस्किटं. त्याच काळात प्लान्टच्या सेफ्टी ऑफिसरनी जुने व्हॉल्व्ह बदलले होते, त्यामुळे वास सुटण्याचे प्रसंगच कमी झाले होते. हेही लिहिलं. धाकटी म्हणाली, ‘मॅम, हे लिहिलं तर ते म्हणतील सगळं व्हॉल्व्हमुळेच झालं.’ मलाही तीच भीती होती. पण व्हॉल्व्हमुळे वास कमी होतो, फोन कुणाला करायचा ते व्हॉल्व्ह शिकवत नाही. एवढंच आपलं.

दुसऱ्या मीटिंगला फाइल नव्हती. चार पानं होती. साहेबांनी वाचली, मग रजिस्टर मागितलं, स्वतः पानं उलटली. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग म्हणाले, ‘त्या दिवशी रस्ता बंद होता तेव्हा माल किती गेला होता, तो आकडा माझ्याकडे आहे. मला विचारायचं ना.’

खरंच की! दोन वर्षांत फायनान्सच्या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं.

रिटेनर वाढला नाही, पण कापलाही नाही. प्रेस कॉन्फरन्सचं बजेट मात्र उडालं. धाकटीचं कन्फर्मेशनचं पत्र वेळेवर आलं, तिनं सगळ्यांना वडापाव खिलवले आणि एक प्लेट गेटवरच्या काकांनाही नेऊन दिली. माझ्या बॉसचा चेहरा मात्र पडलेलाच होता. ‘बरं झालं. पण बाकीच्या सात क्लायंटना काय सांगणार आहेस? त्यांना अजून लाखच लागतात.’

परवा त्यातल्या एकाचा मेल आला. या महिन्याच्या रिपोर्टमध्ये एव्हीईचा रकाना दिसत नाही, चुकून राहिला का, लगेच पाठवा. मी रिप्लाय टाइप केला, खोडला, परत टाइप केला. मग धाकटीला म्हटलं, त्यांच्या फायनान्सला कोण आहे बघ जरा. तिनं नंबर काढून दिला. सांगायचं काय, ते अजून नीटसं ठरलं नव्हतं. रिंग वाजत होती...