बांधाची बातमी

नागोठणे समुद्रावर नाही, तरी समुद्र इथवर येतो. धरमतरच्या खाडीतून चढणारी भरती अंबा नदीच्या पात्रात इथपर्यंत जाणवते. एके काळी मुंबईची गलबतं याच पाण्याने नागोठण्याच्या बंदराला लागत. वरून घाटातला पाऊस आणि खालून उधाण एकाच वेळी आलं, की नदी तुंबते आणि बाजारपेठेत शिरते.

*

अंबेची इशारा पातळी 8 मीटर, धोका पातळी 9. पावसाळ्यात हे आकडे मोबाइलवर फिरतात. पण साडेआठ मीटरला आपल्या दुकानाच्या कितव्या पायरीला पाणी लागतं, हे दुकानदाराला आकड्यातून कळत नाही. एसटी स्थानकाच्या भिंतीवर, बाजारातल्या खांबांवर त्याच मोजणीच्या ठळक खुणा रंगवा. मग माल कधी वर चढवायचा, हे ज्याचं त्याला कळेल.

*

24 जुलै 1989. अंबेच्या वरच्या अंगाला जांभूळपाडा पुरात वाहून गेला. पाली-जांभूळपाड्याकडे पाणी किती चढलं, ही बातमी खालच्या गावांना पाण्याआधी मिळायला हवी. माझ्या लेखी तीही पूरसंरक्षणाचं बांधकामच आहे.

*

उघाडी जवळून पाहावी. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधातलं हे दार. झडप खाडीच्या अंगाला, वरच्या कडेने टांगलेली. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करतं. माणूस लागत नाही. पण मधे एखादं ओंडकं अडकलं, की खारं पाणी थेट भातात. त्या रात्री गावात कुणाला उठवायचं, हे ठरलेलं असावं.

*

पेणच्या खारेपाटात बांधाला खांड पडली, तर त्या सालचं पीक जातंच. मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर खांड बुजली नाही तर शेतात कांदळं उभी राहतात, आणि ती तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. नियम रास्त आहे, बांधाबाहेरची कांदळं लाटेचा जोर मोडतात. पण दुरुस्ती रखडली म्हणून वाडवडिलांची भातशेती जंगल ठरावी, हा अन्याय आहे. खांड पडल्याच्या पहिल्या आठवड्यातच शेतकऱ्याला हा धोका लेखी सांगायला हवा.

*

जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्रीची पद्धत होती. बांधाखातर पिकातला वाटा ठरलेला, आणि खांड पडली की खातेदारांनी मिळून ती बुजवायची. बांध कुठे खचलाय, खेकड्यांनी कुठे पोखरलाय, हे गावाला तोंडपाठ असे. पुढे 1948चा कायदा आला, मग 1979चा खारभूमी विकास अधिनियम. बांध सरकारी झाले, ते बरंच झालं. एवढा खर्च गावाला पेलणारा नव्हता. मात्र बांधाची खबर ठेवणं गावाकडून सुटलं, ते पुन्हा कुणी नीट उचललं नाही.

*

भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत : तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हे मुंबईच्या किनाऱ्याचं ढोबळ गणित. खाडीत आत पाणी उशिरा चढतं. सरकारी इशाऱ्यात तारखेशेजारी तिथी छापायला काय हरकत आहे? पंचांग घराघरात आहे.

*

बांधाचं मातीकाम होतं ते भातकापणीनंतर, पावसाआधी. म्हणजे ग्रामसभा दिवाळीच्या आगेमागे घ्यावी, नकाशा भिंतीवर लावून : बांध किती उंच, माती कुठून उचलणार, उघाड्या किती. मे महिन्यात सभा घेतली, तर तोवर माती पडलेली असते.